वर्गणीतून हेलसिंकीला : पैलवान खाशाबा जाधव यांचे स्मरण

श्रावण निम्मा सरला की आपल्या मंडळाची पावतीपुस्तके कपाटाबाहेर येतात. टॉवर चौकापासून सुरुवात करून आम्ही फ्रीगंजच्या गल्ल्यांतून घरोघर फिरतो. बहुतेक घरी चहा होतो, जुन्या आठवणी निघतात आणि पावती फाडली जाते. एखाद्या घरी मात्र हसत हसत एक प्रश्न हमखास येतो, की दर वर्षी आपण ही वर्गणी देतो, त्यातून शेवटी होते काय? उत्तर आम्हाला पाठ आहे. मूर्ती, मांडव, प्रसाद, मुलांच्या स्पर्धा, एखादे नाटक आणि आपल्या हातात असलेली ही स्मरणिका.

पण वर्गणी कुठवर पोहोचू शकते, हे सांगणारी एक मोठी हकिकत आहे. ती आपल्या क्षिप्रेकाठची नाही, कृष्णा आणि कोयना जिथे मिळतात त्या कऱ्हाडची आहे. 1952 साली त्या गावाने आणि आसपासच्या खेड्यांनी पैसा पैसा गोळा करून आपला एक मुलगा फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरी पाठवला आणि तो तिथून ऑलिम्पिकचे कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या मुलाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नाव नक्की ठाऊक आहे. पण मुलांना विचारून पाहिले, तर त्यांना कुस्ती ठाऊक आहे ती सिनेमातली. म्हणून यंदाच्या अंकात आम्ही त्यांचे स्मरण करायचे ठरवले.

आखाडा आणि माती

उज्जैनमध्ये आखाडा म्हटले की डोळ्यांसमोर येतो सिंहस्थ. साधूंचे तेरा आखाडे, त्यांच्या पेशवाया, रामघाटावरचे शाही स्नान. पण आखाड्याचा दुसरा अर्थही या शहराला परका नाही. नागपंचमीला महाकाल मंदिरातल्या नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून एकदाच उघडते, आणि त्याच सणाशी कुस्तीचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. मल्लखांब तर आपल्या शहराने जिवापाड जपला. मध्य प्रदेश सरकारने 2013 साली त्याला राज्य खेळाचा मान दिला आणि 2020 सालचा द्रोणाचार्य पुरस्कार उज्जैनच्याच एका मल्लखांब प्रशिक्षकांना मिळाला. नावातच मल्ल असलेला हा खांब मुळात पैलवानांच्या तालमीचा. पैलवानाने अंग चपळ आणि पकड घट्ट करण्यासाठी त्याच्याशी झुंजायचे. आपली मुले-मुली आज त्या खांबावर जी किमया करतात, तिचे मूळ कुस्तीच्या हौद्याशेजारी आहे.

हौदा म्हणजे तालमीतला मातीचा खड्डा. चाळलेली तांबडी माती, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कुठे कापूर. पाणी शिंपडून ती फावड्याने पुन्हा पुन्हा उकरायची, म्हणजे अंगाला लागत नाही आणि जखम चिघळत नाही. समोर कोनाड्यात मारुती. हौद्यात उतरताना आधी मातीला हात लावून कपाळाला न्यायचा, मग वस्तादांच्या पायाला. चपला बाहेर, जातही बाहेर, असा चांगल्या तालमीचा नियम. एकदा अंगाला माती लागली की कोण कुणाचा ते ओळखू येत नाही.

या कुस्तीचा रिवाज असा, की कुस्ती निकाली हवी. दोन्ही खांदे जमिनीला टेकले, पाठीला माती लागली, की चितपट. गुण नाहीत, घड्याळाची घाई नाही. जोड कुणाशी कुणाची लावायची ते जाणती माणसे अंगकाठी पाहून ठरवतात. जत्रेच्या फडात आधी पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात, मग इनाम चढत जाते आणि सूर्य कलल्यावर मोठी कुस्ती. ते इनाम येते कुठून? गावाच्या वर्गणीतून. गावातल्या प्रत्येक घराने दिलेले रुपये पैलवानाच्या हातात पडतात. म्हणजे मातीतली कुस्ती हा खेळ पहिल्यापासून वर्गणीवरच उभा आहे. पुढची सगळी हकिकत समजायला ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

गोळेश्वरचा धाकटा मुलगा

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. घर शेतकऱ्याचे. त्या घरात मुलाला चालता येऊ लागले की तो हौद्यात उतरायचा, तसे पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना माती दाखवली. आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांनी भागातल्या एका नामांकित गड्याला दोन मिनिटांत आस्मान दाखवल्याचे अजून सांगतात.

शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात. ती वर्षे 1942 च्या चळवळीची. सातारा जिल्ह्यात तेव्हा प्रतिसरकारचा बोलबाला होता आणि गावोगावची पोरे भूमिगतांची कामे करत होती. विद्यार्थी खाशाबाही निरोप पोहोचवणे, कार्यकर्त्यांना आसरा देणे अशा कामांत होते. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. ऑलिम्पिकच्या मैदानावर आपला तिरंगा चढवायचा, हे त्यांनी त्याच सुमारास मनाशी धरले. त्या वेळी गोळेश्वरच्या कुणाला ऑलिम्पिक कुठे भरते हेही धड ठाऊक नसेल.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कुस्ती शिकणाऱ्या मुलाने कोल्हापूरला यावे, हे संगीत शिकणाऱ्याने ग्वाल्हेर गाठण्यासारखे. राजर्षी शाहू महाराजांनी तिथे गल्लोगल्ली तालमी उभ्या केल्या, मल्लांच्या खुराकाची सोय केली आणि 1912 साली खासबाग मैदान बांधून पुरे केले. मध्ये मातीचा आखाडा आणि सभोवार चढत जाणाऱ्या पायऱ्या, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसते. महाराज 1922 साली गेले, पण त्यांनी लावलेला नाद शहराच्या अंगात भिनला होता. आपल्याला विशेष वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे, कोल्हापुरात आजही गणपती बसवणारी कितीतरी मंडळे तालीम मंडळ म्हणूनच ओळखली जातात. आखाडा आणि गणेशोत्सव तिथे एकाच ओसरीवर वाढले.

खाशाबांची उंची पाच फूट पाच इंच. कोल्हापूरच्या आडदांड मल्लांपुढे हा गडी अगदीच किरकोळ दिसे. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याकडे पाहून नकार दिला. खाशाबांनी वाद घातला नाही. ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी घेऊन आले आणि त्यांनी मातीतच उत्तर दिले. त्यांची खासियत होती ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून, अंगाला झोला देऊन त्याला पाठीवर टाकायचे. ताकदीपेक्षा वेळ साधण्याचा हा डाव, आणि उंचीने कमी असलेल्या चपळ गड्याला फार उपयोगी. बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली त्यांच्या कुस्तीला धार आली.

लंडन : गादीची पहिली ओळख

1948 चे ऑलिम्पिक लंडनला भरले. खाशाबांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे गेल्यावर त्यांना कळले, की आपण आजवर खेळलो ती कुस्ती आणि इथली कुस्ती यांत मोठे अंतर आहे. इथे माती नाही, गादी आहे. मातीत पाय रुतवून उभे राहता येते, गादीवर पाय वेगळा पडतो. मातीत अंगाला धूळ लागून पकड बसते, गादीवर घामाने हात निसटतो. मातीत चितपट होईपर्यंत कुस्ती चालते, इथे वजनाचे गट, ठरावीक वेळ आणि पंचांनी मोजलेले गुण. पाठीला माती लागली नाही तरी माणूस हरू शकतो, ही गोष्ट आपल्या पैलवानाला पचायला जड.

अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना तिथे मार्गदर्शन केले. अशा परक्या तयारीवर खाशाबा सर्वांत हलक्यांच्या, म्हणजे 52 किलोच्या गटात सहावे आले. त्या गटात तोवर कुणा भारतीयाने एवढी मजल मारली नव्हती. पण परतल्यावर त्यांनी हारतुऱ्यांत वेळ घालवला नाही. गादीचे नियम समजून घेतले, वजन एक गट वर नेले आणि पुढच्या चार वर्षांसाठी जोर-बैठकांचा आकडा वाढवला. सहाव्या क्रमांकाचा अर्थ त्यांनी बरोबर लावला होता. कमी पडली होती ती ताकद नव्हे, ओळख.

पैसे कुणी द्यायचे?

हेलसिंकीची वाट मात्र सरळ नव्हती. आधी निवडीतच अडले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला हक्काचा गुण नाकारला गेला, असे खाशाबांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज ऑलिम्पिक संघटनेतले मोठे प्रस्थ आणि स्वतः खेळाचे शौकीन. त्यांनी खाशाबा आणि त्यांचे प्रतिस्पर्धी निरंजन दास यांची कुस्ती पुन्हा लावली. खाशाबांनी ती निर्विवाद जिंकली आणि संघात जागा मिळवली.

मग प्रश्न आला पैशांचा. आजच्या मुलांना हे खरे वाटणार नाही, पण तेव्हा देशाच्या संघात निवड झालेल्या खेळाडूलाही खर्चाची जुळवाजुळव स्वतः करावी लागे. सरकारकडे केलेल्या खटपटीतून वेळेवर काही हाती येईना. तेव्हा खाशाबा आपल्या माणसांकडे वळले.

कऱ्हाडच्या व्यापाऱ्यांनी हात सैल सोडला. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांत घरोघर फिरून पैसे जमवले गेले. ज्याच्या घरात रोख नव्हती त्याने धान्य दिले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर बँकेकडे गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. 1952 सालचे सात हजार म्हणजे केवढी रक्कम, हे आपल्या घरातल्या आजी-आजोबांना विचारावे. एका मास्तराने आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीवर घर लावले. हा विद्यार्थी जिंकेल की नाही याची कुणी हमी दिली नव्हती. परत फेडू शकेल याची तर नाहीच.

जत्रेत गाव कुस्तीनंतर इनाम देते. कऱ्हाडने यंदा इनाम कुस्तीआधी दिले, फरक असलाच तर एवढाच.

हेलसिंकी : दोन मातींची गाठ

जुलै 1952. हेलसिंकीत खाशाबा 57 किलो वजनाच्या गटात, फ्रीस्टाइल कुस्तीत उतरले. लढतीची वेळ पंधरा मिनिटांची. पहिली गाठ कॅनडाच्या आद्रियें पोलिकाँशी. ती कुस्ती जवळजवळ शेवटपर्यंत चालली आणि वेळ संपायला अर्धे-पाऊण मिनिट उरले असताना खाशाबांनी त्याला चीत केले. मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो त्यांनी साडेपाच मिनिटांच्या आत लोळवला. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला त्यांनी पंचांच्या दोन विरुद्ध एक अशा कौलाने हरवले. चार वर्षांपूर्वी गादीवर पाय अडखळणारा गडी आता गादीवर चितपटही करत होता आणि गुणांवरही जिंकत होता.

मग समोर आला जपानचा शोहाची इशी. हा मूळचा ज्युदोचा खेळाडू. महायुद्धानंतर जपानवर अमेरिकेचा ताबा आला, ज्युदोवर बंधने आली आणि इशी कुस्तीकडे वळला. म्हणजे त्यालाही गादीची ही कुस्ती मागाहून शिकावी लागली होती, जशी खाशाबांना.

इथे थोडे थांबून जपानबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या हौद्याच्या फार जवळची आहे. त्या देशाची पारंपरिक कुस्ती म्हणजे सुमो. तिचा आखाडाही मातीचाच. फरक इतका, की आपला हौदा खोदलेला, त्यांचा आखाडा उंच चौथऱ्यासारखा रचलेला. वर माती भरलेल्या, भाताच्या पेंढ्याच्या वळकट्या पुरून सुमारे साडेचार मीटर रुंदीचे गोल रिंगण आखतात. प्रत्येक स्पर्धेसाठी ही माती नव्याने चोपून आखाडा बांधतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पंचच पुजारी होऊन त्याची विधिवत पूजा करतात आणि मधोमध तांदूळ, मीठ, सुका माकूळ असा नैवेद्य पुरतात. पैलवान कुस्तीआधी मूठभर मीठ उधळून जागा शुद्ध करतो. रिंगणाबाहेर पाऊल पडले किंवा तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की हार. वर देवळासारखे छत असते. पूर्वी ते चार खांबांवर उभे असे, पण प्रेक्षकांना कुस्ती नीट दिसेना म्हणून ते खांब काढून छत वरून टांगले आणि खांबांच्या जागी चार रंगांचे गोंडे सोडले. हा बदल झाला 1952 सालीच, हेलसिंकीनंतर दोनच महिन्यांनी. खांब गेले, पण माती, मीठ आणि पूजा राहिली. बदल कशात करायचा आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्यांनी जाणतेपणाने ठरवले.

आपल्या मारुतीला नारळ फोडून हौद्यात उतरणाऱ्या पैलवानाला हे सारे ओळखीचे वाटले असते. मातीला देवत्व देणाऱ्या दोन देशांचे दोन गडी हेलसिंकीत भेटले ते मात्र मातीचा कण नसलेल्या गादीवर.

ती कुस्ती पंधरा मिनिटे पुरी चालली आणि इशी गुणांवर जिंकला. पुढे त्याने या गटाचे सुवर्णपदक मिळवले. त्या ऑलिम्पिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्ण. खाशाबांना दुसरी हार पत्करावी लागली ती सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवकडून. ही कुस्ती त्यांना पुरेशी विश्रांती न देता लगेच खेळायला लावली गेली. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास मिळायला हवा, असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला त्या वेळी जवळ आपला कुणी अधिकारी नव्हता. थकलेले खाशाबा हरले. मामेदबेकोवला रौप्य मिळाले आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती 23 जुलै 1952.

त्याच स्पर्धेत कोल्हापूरकडचेच केशव माणगावे 62 किलोच्या गटात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले. एकाच मुलखातले दोन पैलवान जगातल्या पहिल्या चारांत. खाशाबांच्या आधी भारताच्या नावावर वैयक्तिक पदके होती ती 1900 साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्यात मिळवलेली दोन रौप्यपदके. आपल्या झेंड्याखाली मिळालेले पहिले वैयक्तिक पदक गोळेश्वरच्या शेतकऱ्याच्या घरी आले.

एकशे एक बैलगाड्या

कऱ्हाड स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा तालुका लोटला होता. एकशे एक बैलगाड्या सजवून लोक त्यांना न्यायला आले होते. ढोल, लेझीम, हलगी, गुलाल. एरवी घटकाभराची असलेली वाट त्या दिवशी संपता संपेना. ज्यांनी पाच-दहा रुपये दिले होते, पायली-दोन पायली जोंधळे दिले होते, त्या प्रत्येकाला वाटत होते की या पदकात आपला वाटा आहे. आणि तो होताच.

पण आम्हाला मिरवणुकीपेक्षा तिच्यानंतरची गोष्ट मोठी वाटते. खाशाबांच्या डोक्यात खर्डेकर सरांचे घर होते. त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लांग चढवून आखाड्यात उतरले, कुस्त्या मारल्या आणि मिळालेले पैसे सरांच्या हाती ठेवून घर सोडवले. ऑलिम्पिकचा पदकवीर पुन्हा मातीत उतरला तो ऋण फेडायला. वर्गणी देणाऱ्याने विश्वास ठेवला, घेणाऱ्याने तो राखला. तालमीत डावांबरोबर हेही शिकवले जात असावे.

मिरवणूक संपल्यावर

1955 साली खाशाबा मुंबई पोलिसांत फौजदार म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धांत खेळले, नव्या मुलांना शिकवले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असताना गुडघा दुखावला आणि ती संधी गेली. पुढे सुमारे पाव शतक त्यांनी इमानेइतबारे नोकरी केली. बढती मात्र रखडत राहिली. सहायक पोलीस आयुक्त झाले ते अगदी निवृत्ती जवळ आल्यावर. निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत त्यांना ज्योत घेऊन धावण्याचा मान मिळाला, तेव्हा बघणाऱ्यांपैकी किती जणांना हा माणूस कोण ते ठाऊक होते, कोण जाणे.

14 ऑगस्ट 1984 रोजी एका रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. वय 58. त्याच आठवड्यात लॉस एंजलिसचे ऑलिम्पिक संपले होते आणि भारत तिथून एकही पदक न घेता परतला होता.

त्यांच्यानंतर भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला 44 वर्षे लागली. 1996 साली अटलांटाला लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य मिळवले, तेव्हा वर्तमानपत्रांना खाशाबांची आठवण झाली. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तोही मृत्यूनंतर पंधरा-सोळा वर्षांनी. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. हे सारे योग्यच झाले, पण उशिरा झाले. माणूस हयात असताना त्याला हवी होती थोडी कदर, आपल्या हाताखाली मुले घडवायला एखादी सोय. गेल्यावर मिळालेला सन्मान त्याला उपयोगी पडत नाही. उपयोग झालाच तर मागे राहिलेल्यांना होतो, तोही त्यांनी त्यातून काही घेतले तर.

दोष कुणाला द्यायचा? सरकारला देणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण आम्ही मंडळी उत्सव करणारी माणसे. आम्हाला या हकिकतीतली एक गोष्ट स्वतःकडे बोट दाखवणारी वाटते. एकशे एक बैलगाड्या जुंपायला माणसे मिळतात, कारण मिरवणूक एका दिवसाची असते. पुढची तीस वर्षे चौकशी करायला मात्र कुणी उरत नाही. आपल्याकडेही अनंत चतुर्दशीला गुलाल उधळायला जेवढे हात असतात, तेवढे दुसऱ्या दिवशी मांडव उतरवायला नसतात, हे कार्यकर्त्यांना चांगले ठाऊक आहे.

आपल्या अंगणात

आज कुस्ती गादीवर गेली आहे. ऑलिम्पिक गादीवरच होते, तेव्हा मुलांना गादी दिलीच पाहिजे, हे खाशाबांनी लंडनच्या अनुभवातून 1948 सालीच ओळखले होते. माती की गादी असा वाद घालण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. मातीत शिकलेले त्यांनी गादीवर नेले. मातीला हात लावून नमस्कार करण्याची सवय, वस्तादांचा मान, ऋण फेडण्याची रीत, हे सारे त्यांच्याबरोबर हेलसिंकीला गेले आणि परतही आले. परंपरा टिकते ती अशीच, पुढे नेणाऱ्याच्या अंगात.

आपण या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. शिंद्यांच्या काळात कुणाचे पूर्वज आले, कुणाचे नोकरीनिमित्त नंतर आले. घरात मराठी टिकली, गणपती टिकला, पुरणपोळीबरोबर दाल-बाफलेही आपले झाले. या टिकण्यामागेही लहान लहान वर्गण्याच आहेत, काही पैशांच्या, काही वेळेच्या. आपल्याच ओळखीतली कितीतरी मुले आज शहरातल्या मल्लखांबाच्या आणि कुस्तीच्या आखाड्यांत पहाटे उठून जातात. कुणाला बाहेरगावच्या स्पर्धेचे रेल्वेभाडे जड जाते, कुणाला खुराक. त्यांतली सगळी पदक आणणार नाहीत. कऱ्हाडकरांनी पैसे दिले तेव्हा त्यांनाही पदकाची खात्री नव्हती.

पुढच्या खेपेला आम्ही पावतीपुस्तक घेऊन दारात आलो आणि वर्गणीचे होते काय, असे कुणी विचारले, तर आम्ही नेहमीची यादी सांगूच. मूर्ती, मांडव, प्रसाद, नाटक. पण त्या यादीत आखाड्यात जाणाऱ्या एखाद्या मुलाचे भाडे आणि दूध घालायचे का, हा प्रश्न यंदा आम्हीच तुम्हाला विचारणार आहोत. आणि त्या मुलाची मिरवणूक निघो वा न निघो, पुढच्या वर्षी त्याच्या घरी जाऊन तो कसा आहे हे विचारायची जबाबदारीही आपलीच राहील.

गणपती बाप्पा मोरया.